दोन बोटं दोर

बँकॉकच्या लात फ्राओ रस्त्यावरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यापासून थेट गच्चीपर्यंत चढाईच्या सरावाची कृत्रिम भिंत होती. तिच्या पायथ्याशी रबरी गादीवर उभं राहून आजान थवी यांनी कमरेपाशी पाहिलं, तेव्हा गाठीबाहेर दोराचं टोक फक्त दोन बोटं उरलेलं होतं. एरवी ते वीतभर असे. आठाची गाठ बांधायची, दोराचं टोक कमरपट्ट्याच्या दोन्ही फासांतून घालायचं, आणि मग वळणाला वळण लावत त्याच वाटेने ते गाठीतून मागे फिरवायचं. नऊ वर्षांत हे काम बोटांनी इतक्या वेळा केलं होतं की मनाला त्याचं बोलावणंच येत नसे. त्या शनिवारी बोटांनी टोक मागे फिरवायला घेतलं आणि पहिल्याच वळणावर सोडून दिलं. त्या अर्ध्या गाठीवर ते चौदा मीटर चढले होते, वर पोचून निश्चिंतपणे दोरावर बसले होते, आणि त्याच दोराने खाली आले होते. केवळ घर्षणाने धरलं होतं. दोर केसाकेसाने निसटत गेला होता आणि दोन बोटांवर थांबला होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला, खालून दोर सांभाळणारी केत होती. ती पाठमोरी होऊन पाणी पीत होती. आजाननी घाईघाईने गाठ सोडली. सोडायला काही नव्हतंच, ओढताच ती उलगडली. मग कोणी विचारलेलं नसताना ते म्हणाले, "आज हाताला फार घाम येतोय." केत वळली, म्हणाली, "हो आजान, आज उकडतंय खरं," आणि दोर गुंडाळू लागली.

त्याला तीन आठवडे झाले होते. आता सकाळचे आठ वाजले होते, दक्षिणेतल्या तोन साइच्या खाडीतलं पाणी ओसरून खडकांच्या काळ्या पाठी उघड्या पडल्या होत्या, आणि आजान थवी पिशवी डोक्यावर धरून होडीतून गुडघाभर पाण्यात उतरत होते. पाय कुठे टाकावा हे त्यांना पाहावं लागत नव्हतं. दर वर्षी याच महिन्यात, चार दिवस, ते आणि केत इथे येत. समुत प्राकानच्या तांत्रिक महाविद्यालयात तेहेतीस वर्षं धातूंचं जोडकाम शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाला सगळेच आजान, म्हणजे गुरुजी म्हणत. बायको सुमालीसुद्धा चिडली की म्हणे. केत ही त्यांची विद्यार्थिनी. चाळीस मुलांच्या वर्गातल्या दोन मुलींपैकी एक. आता अडतीस वर्षांची होती आणि रायोंगच्या कारखान्यांत दाबाच्या टाक्यांचे जोड तपासत असे. तिचा शिक्का पडल्याशिवाय टाकीत वाफ सोडत नसत. चढाईचा नाद तिने आजानना लावला होता, त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी, गुडघे दुखतात म्हणून. गुडघे तसेच राहिले, पण नाद लागला. पाण्यातून चालताना त्यांनी पुढे जाणाऱ्या तिच्या पाठीकडे पाहिलं. पाठीवर सत्तर मीटर दोराचं वेटोळं होतं. आज सांगायचं, असं त्यांनी काल विमानात ठरवलं होतं. होडीत बसताना पुन्हा ठरवलं. ती आज कड्यावरच्या, गेली चार वर्षं तिला न जमलेल्या मार्गावर चढणार होती आणि तिचा दोर त्यांच्या हातात असणार होता. तिला खाली उभ्या माणसाबद्दल जे ठाऊक असायला हवं, ते तिला ठाऊक नव्हतं. ते सांगितलं तर ती दोर दुसऱ्या कोणाला देईल, द्यायलाच हवा. आणि मग नऊ वर्षांचं हे सगळं संपेल. हे दुसरं वाक्य मनात आलं की पहिलं ओठांपर्यंत पोचत नसे.

वाळूवर बांग राम्ली बसला होता. या किनाऱ्यावरच्या मुसलमान कोळ्यांत थोरल्या भावाला बांग म्हणतात आणि चढाईला येणारे सगळेच त्याला तसंच म्हणत. सकाळी मासे, दुपारी कड्यांमधले जुने बोल्ट काढून नवे बसवणं, असा त्याचा दिवस. "आलात का आजान!" तो ओरडला. "मला वाटलं, यंदा नातवंडं सांभाळायला ठेवून घेतलं तुम्हाला."

"नातवंडं मला सांभाळत नाहीत म्हणून आलो."

"आणि ही बाई! चार वर्षं त्या कड्याला मागणी घालतेय, तो काही होकार देत नाही."

"तुमच्या बायकोने किती वर्षं लावली होती, बांग?" केत पिशवी उतरवत म्हणाली.

"सहा. आणि मग जन्मभर पस्तावली." तो एकटाच मोठ्याने हसला आणि उठून त्याने आजानच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. मोडलेला पोलादी बोल्ट. "हे बघा. अकरा वर्षांपूर्वी मीच ठोकला होता. बाहेरून नवरी मुलगी. काल पान्याचा एक झटका दिला, काडीसारखा तुटला."

आजाननी चष्मा कपाळावर चढवून तुटलेली बाजू डोळ्यांजवळ नेली. झाडाच्या मुळांसारख्या बारीक भेगा आत आत गेल्या होत्या. हे त्यांनी दर वर्षी शिकवलं होतं: ताण आणि मीठ एकत्र आले की धातू आतून फाटत जातो; गंज दिसत नाही, वाक येत नाही, एके दिवशी तुटतो. फळ्यावर काढलेली ती आकृतीही त्यांना आठवली; फक्त त्या भेगेचं पुस्तकातलं नाव आठवेना. त्यांनी वाट पाहिली. नाव आलं नाही. "काय म्हणतात आजान याला?" राम्लीने विचारलं, आणि त्यांनी बोल्ट परत देत म्हटलं, "वय म्हणतात." राम्ली हसला. केत हसली नाही. ती बुटांच्या नाड्या सोडत होती.

कड्याच्या पायथ्याशी सावली होती. भरतीचं पाणी तिथे दोन वाजता येई. तोवर वाळूवर उभं राहता येत असे. अंग मोकळं करायला एक सोपा मार्ग होता, त्यावर राम्लीने सकाळीच वरून दोर सोडून ठेवला होता, आणि प्रथेप्रमाणे वडीलधारे म्हणून त्यावर आधी आजान चढणार होते. त्यांनी गाठ बांधली. बोटांकडे पाहत बांधली. परक्याच्या बोटांकडे पाहावं तसं. टोक मागे फिरवलं, पहिलं वळण, दुसरं, तिसरं, बाहेर. वीतभर. मग मोजलं. पुन्हा मोजलं. तीन आठवड्यांत ही नवी सवय लागली होती आणि तिचा उपयोग नव्हता, कारण ज्या डोक्याने मोजायचं त्याच डोक्याचा संशय होता. कार्यशाळेच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: ज्याने जोड केला त्याने तो मंजूर करायचा नाही. एका हुशार मुलाने एकदा विचारलं होतं, आजान, तुमचा जोड कोण तपासणार? सगळा वर्ग हसला होता आणि तेही हसले होते. खरं तर दोर बांधताना याच पाटीप्रमाणे वागायचं असतं. परदेशी पोरं एकमेकांची कंबर धरून गाठ हिसकून बघत. केतही चढण्याआधी समोर येऊन उभी राहायची, "आजान, तपासा," आणि ते गाठ ओढून, पट्ट्याचं बक्कल बोटाने चाचपून म्हणत, "ठीक." त्यांची पाळी आली की मात्र ती दोन हात अंतरावर उभी राहून, मान किंचित लववून पाहायची आणि म्हणायची, "ठीक आहे, आजान." गुरूच्या कमरेला शिष्येने हात घालायचा नसतो. हे कोणी ठरवलं नव्हतं. ती भीड होती. आणि नऊ वर्षं त्यांना ती सुखाची वाटली होती.

"ठीक आहे, आजान," आत्ताही ती म्हणाली, दोन हात अंतरावरून.

ते चढले. चुनखडीचा दगड सकाळच्या ओलाव्याने गार होता, बोटांना जागोजागी खळगे सापडत होते, आणि अर्ध्या वाटेपर्यंत त्यांना काही विचार करावा लागला नाही. मग डावा पाय एका बारीक कंगोऱ्यावर असताना शंका आली की मघाशी मोजलेली गाठ आजची होती की कालची. काल तर ते चढलेच नव्हते. शंकेला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एक हात दगडावर ठेवून दुसऱ्याने त्यांनी कमरेपाशी चाचपलं. गाठ हाताला लागली, जाड, भरलेली, पुरी. तरी त्यांनी ती पुन्हा चाचपली. खालून केत म्हणाली, "धरलंय, आजान," आणि त्यांना थोरला भाऊ आठवला. प्रयून. बावीस वर्षं बस चालवली त्याने बँकॉकात, एकाच मार्गावर. एका संध्याकाळी सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा, आणि प्रयून स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. डावीकडे वळायचं की सरळ जायचं हे त्याला आठवत नव्हतं. बसमधली तिकीटवाली बाई त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, त्याला दादा म्हणणारी. तिने तिकिटांची पत्र्याची नळी खळाखळा वाजवली आणि प्रवाशांना सांगितलं, इंजिन तापलंय, जरा थांबा. मग त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "दादा, सरळ." पुढे पाच महिने ती प्रत्येक चौकाआधी पुढे येऊन उभी राहत होती, कोणाला कळू न देता, आपल्याला कळलंय हे त्यालाही न दाखवता. सहाव्या महिन्यात तिला ताप आला आणि दुसरी बाई आली. त्या दिवशी बस फुटपाथवर चढली आणि तिथे शेवया विकणाऱ्या एका म्हातारीचा पाय गेला. चौकशीत तिकीटवाली रडत म्हणाली, मी कशी बोलणार, साहेब, ते मोठे. आजान तेव्हा पन्नाशीचे होते आणि त्या बाईवर भयंकर चिडले होते. प्रयूनवर कोणी चिडलं नाही. तोवर तो स्वतःच्या शर्टाची बटणं लावायला पुन्हा शिकत होता.

वर पोचून त्यांनी दोरावर बसायचं टाळलं. दोर ओवलेली साखळी धरून उभे राहिले. खाली खाडी पसरली होती, एक होडी काडीएवढी दिसत होती. "बसा आजान, धरलंय," केतचा आवाज आला. बसण्याखेरीज उतरायचा मार्ग नव्हता. ते डोळे मिटून बसले. दोराने धरलं.

जेवताना केतने चिकट भात आणि भाजलेली कोंबडी केळीच्या पानावर वाढली. राम्ली थैलीतल्या कॉफीत नळी घालून चोखत बसला. "आजान आज शांत आहेत," तो म्हणाला. "एरवी एव्हाना माझ्या होडीच्या इंजिनात चार चुका काढून झाल्या असत्या." आजान भाताचा गोळा बोटांनी दाबत राहिले. केत म्हणाली, "थकले असतील. रात्री झोप नाही झाली त्यांची." आपली झोप झाली नव्हती हे तिला कसं कळलं, असं त्यांच्या मनात आलं. काल रात्री होडीच्या धक्क्यापाशी मुक्काम होता तिथे शेजारच्या झोपडीत ती होती, मध्ये बांबूची भिंत. म्हणजे तीही जागी होती. आता सांगावं. राम्ली उठून गेला की सांगावं. राम्ली उठला, हत्यारांची पिशवी घेऊन शेजारच्या कड्याकडे गेला, आणि आजान म्हणाले, "केत."

"हां, आजान?"

"दुसऱ्या बोल्टनंतर डावा पाय उंच घे. गेल्या वर्षी तिथेच चुकलीस."

"हो, आजान," ती म्हणाली. तिने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग पान गुंडाळून पिशवीत टाकलं.

साडेबारा वाजता ती तयार झाली. हाताला खडूची पूड लावली, कमरेला बोल्टांत अडकवायच्या कड्यांचा जुडगा लावला, दोराचं टोक घेतलं आणि गाठ बांधली. आजाननी आपल्या बाजूचा दोर कमरेच्या, पडणाऱ्याला रोखून धरणाऱ्या ब्रेकमध्ये घातला, कडीचा आटा फिरवून बंद केला, तपासला, उघडला, पुन्हा बंद केला. त्यांचं सगळं चित्त त्या आट्यात होतं. आपला हात चुकायचा नाही. एवढी एक चढाई. संध्याकाळी सांगू, समुद्राकडे बघत, म्हणजे एकमेकांकडे पाहावं लागणार नाही. ती समोर येऊन उभी राहिली. "आजान, तपासा." त्यांनी तिच्या गाठीला हात घातला, ओढली, बक्कल चाचपलं. "ठीक," ते म्हणाले. "चढ."

ती चढली नाही. कड्याकडे वळलीही नाही. लाट येऊन गेली असेल, दुसरी आली असेल; ती तशीच त्यांच्यासमोर उभी होती, आणि तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"चढ ना. दोन वाजता पाणी येईल."

"आजान, परत एकदा बघा."

तिने त्यांचा हात धरला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. धरून स्वतःच्या कमरेपाशी नेला आणि त्यांची बोटं गाठीवर ठेवली. त्यांनी पाहिलं. टोक पहिल्याच वळणातून बाहेर आलं होतं आणि तिथेच लोंबत होतं. अर्धी गाठ. पोरालाही दिसली असती. त्यांनी ती दहा सेकंदांपूर्वी हातात धरून ओढली होती आणि ठीक म्हटलं होतं.

त्यांनी ते लोंबतं टोक चिमटीत धरलं. मग म्हणाले, "मुद्दाम बांधलीस?"

"हो."

"वर्गात मी असंच करायचो. पाच चांगल्या तुकड्यांत एक वाईट."

"तुम्हीच शिकवलंत." ती म्हणाली. "मी चढणार नव्हते, आजान. तुम्ही ओळखलं असतं तर मी म्हणणार होते, चुकून झालं, आणि मग कधीच... मला वाटत होतं तुम्ही ओळखाल. देवाशपथ वाटत होतं."

"त्या दिवशी तू पाहिलं होतंस."

"तुम्ही वर पोचलात तेव्हा पाहिलं. खालून ओरडून सांगितलं असतं तर तुम्ही दचकला असता. म्हणून मी तुम्हाला खाली घेतलं. दोर सोडताना कणभरसुद्धा झटका बसू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात. तुम्ही खाली आलात, आणि मी पाठ फिरवली. तुम्हाला गाठ सोडता यावी म्हणून."

"पाणी पीत होतीस."

"बाटली रिकामी होती, आजान."

त्यांना राग आला. खूप जुना, ओळखीचा राग; तोंडात पत्र्याची चव यावी तसा. "तीन आठवडे! आणि आज सकाळी पुन्हा लांबून ठीक आहे म्हणालीस? तू टाक्या तपासतेस केत, तुझ्या शिक्क्यावर माणसं जगतात! कोणी वडीलधारा असला म्हणून त्याच्या जोडावर असाच शिक्का मारतेस का?"

"सकाळी मी दुर्बीण लावल्यासारखी बघत होते. गाठ पुरी होती." ती आता रडत होती, पण त्यांच्याकडे बघत रडत होती. "आणि तुम्ही? तुम्हाला माहीत होतं. माझा दोर धरून उभे राहिलात तुम्ही. कडी बंद केलीत, उघडलीत, परत बंद केलीत. मला काय कळत नाही का? तुम्ही का नाही सांगितलंत?"

याला उत्तर होतं आणि ते फार लहान होतं. ते उत्तर देऊन टाकल्यावर माणूस केवढासा उरेल याचं त्यांना भय वाटलं होतं, इतकंच. राग जसा आला तसा ओसरला, आणि त्याखाली ती तिकीटवाली बाई उभी होती. चौकाचौकाला ती पुढे येऊन उभी राहत होती तेव्हा प्रयूनला काय वाटत असेल, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्याला कळत असणार. कानाशी ‘सरळ’ ऐकताना दर वेळी त्याला कळत असणार, आणि तोही बोलला नव्हता. शेवयावालीच्या पायावर त्याचंही मौन होतं. आजाननी कमरेचा ब्रेक सोडला. कडी या वेळी एकदाच उघडली. "राम्ली!" त्यांनी हाक मारली. "अरे बांग, इकडे ये. हिचा दोर धर."

राम्ली हातोडी घेऊनच आला. दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्याने कोणतीही थट्टा केली नाही.

"आजपासून मी कोणाचा दोर धरणार नाही," आजान म्हणाले. "का, ते ऐकून ठेव, म्हणजे तुलाही पुढे उपयोगी पडेल." आणि त्यांनी सांगितलं. लात फ्राओची गाठ, आत्ताची गाठ, सकाळी न आठवलेलं भेगेचं नाव. प्रयूनचंही सांगितलं. वर्गात क्रमाने मुद्दे मांडावे तसे सांगितले. राम्ली वाळूकडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सुमालीबाईंना ठाऊक आहे?"

"नाही."

"मग आधी त्यांना सांगा. आम्ही काय, आम्ही दोर धरू."

"मी सांगेन. डॉक्टरकडे जाताना केतला बरोबर नेईन. मी काय विसरतो ते मला कसं सांगता येणार? ते हिला ठाऊक." ते केतकडे वळले. "आता ती गाठ सोड. नीट बांध. आणि चढ. पाणी कोणासाठी थांबत नाही."

ती चढली. आजान वाळूवर, कड्यापासून दहा पावलं मागे उभे राहिले; रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून त्यांनी ते पाठीमागे बांधले. नऊ वर्षं त्यांनी तिला चढताना पाहिलं नव्हतं. दोर पाहिला होता, दोराची ढील, तिच्या कमरेची गाठ, पुढचा बोल्ट. आता प्रथमच पूर्ण केत दिसत होती. अवघड जागी येण्याआधी ती थांबून दगडाला कपाळ टेकते, हे त्यांना माहीत नव्हतं. डावा पाय तिने त्यांनी सांगितला तिथे घेतलाच नाही. उजवीकडे झुकून, एका तिरक्या खाचेत बोटं अडकवून ती वर गेली, आणि त्या क्षणी त्यांना कळलं की चार वर्षं ते तिला चुकीची जागा सांगत होते आणि चार वर्षं ती ‘हो, आजान’ म्हणून तिथेच पडत होती. पुढे छतासारख्या बाहेर झुकलेल्या खडकाखाली तिचा हात सुटला. ती पडली. राम्लीने धरलं. ती हवेत फिरत लोंबकळली, हसल्यासारखा एक आवाज काढला, पुन्हा दगडाला लागली, आणि दुसऱ्या खेपेला छताच्या कडेवरून दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने वरून तिची आरोळी ऐकू आली. होकार आला होता. राम्ली आनंदाने काहीतरी दक्षिणी भाषेत ओरडला. आजान ओरडले नाहीत. ते चार वर्षांचा हिशेब करत उभे होते, आणि त्यात लाजेबरोबर असं काहीतरी होतं ज्याला ते स्वतःशी सुटका म्हणायला तयार नव्हते.

ती खाली आली तेव्हा पाण्याची पहिली जीभ वाळूवरून कड्याच्या बुंध्यापर्यंत येऊन गेली होती. सोप्या मार्गावरचा दोर अजून तसाच लोंबत होता. "अर्धा तास आहे," आजान म्हणाले. "मला एकदा चढायचंय. तू धर."

केतने राम्लीकडे पाहिलं. राम्लीने खांदे उडवले. "ते चढणार, आपण दोघं बघणार. यात काय?"

आजाननी गाठ बांधली. मोजली नाही. दोन्ही हात अंगापासून दूर, उंच धरून ते केतसमोर जाऊन उभे राहिले. "तपासा," ते म्हणाले. तिला तपासा असं त्यांनी आयुष्यात प्रथमच म्हटलं होतं, आणि अहोजाहो आपसूक आलं.

ती दोन हात अंतरावर उभी होती. तिने हात जोडून कपाळाला लावले, क्षमा मागावी तसे. मग पुढे आली, एका हाताने त्यांची कंबर धरली आणि दुसऱ्या हाताने गाठ हिसकली, एकदा, दोनदा, इतक्या जोराने की ते पाऊलभर पुढे ओढले गेले. तिने बोट वळणावळणावरून फिरवलं. ओठ हलत होते. ती मोजत होती. पाणी दोघांच्या घोट्यांना लागलं आणि मागे गेलं.

"सुटणार नाही," ती म्हणाली. "पण दोन पदर एकमेकांवर चढलेत. भार आला की आवळतील, खाली आल्यावर सोडवणार नाहीत." तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मी हे पास करत नाही, आजान. पुन्हा बांधा."

"ठीक," आजान म्हणाले, आणि मान खाली घालून गाठ सोडू लागले.